रस्त्याआधीची रेषा

एखाद्या महामार्गाच्या नकाशांचा जाडजूड गठ्ठा उघडला, की त्यात पूल असतात, मोऱ्या असतात, खडी-डांबर-काँक्रीटचे थर असतात. या सगळ्यांच्या आधी आकड्यांचा एक तक्ता येतो आणि इंजिनिअर सोडले तर तो सहसा कोणी वाचत नाही. ओळीमागून ओळ तेच ते : चेनेज (म्हणजे रेषेवरून सुरुवातीपासूनचे अंतर), पूर्वेकडचा आकडा, उत्तरेकडचा आकडा, दिशा, त्रिज्या, लांबी. ही रस्त्याची मध्यरेषा, साइटवरच्या बोलीत 'सेंटर लाइन' किंवा 'अलाइनमेंट'. तिला रुंदी नाही, जाडी नाही. तरीही डोंगर किती फोडायचा, भराव किती टाकायचा, कोणाच्या शेताचा किती तुकडा जाणार, पाणी कोणत्या बाजूला काढायचे, हे सगळे तिच्यापासून मोजले जाते. हा तक्ता, उंचीचा दुसरा एक तक्ता आणि रस्त्याच्या काटछेदाचा नमुना, एवढे तिघे हाती असले तर बाकीचा रस्ता संगणक जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा उभा करून देतो.

रस्ता नकाशात कितीही वळणावळणाचा दिसो, ही रेषा तीनच प्रकारच्या तुकड्यांची बनते : सरळ रेषा, वर्तुळाचा तुकडा आणि या दोहोंना जोडणारा, पण दोहोंपैकी कोणीच नसलेला तिसरा वक्र. पहिले दोन शाळेच्या कंपासपेटीनेही काढता येतात. करामत तिसऱ्याची आहे.

सरळ रस्ता थेट वर्तुळाला जोडला तर कागदावर काहीच बिघडत नाही. सांधासुद्धा दिसत नाही. गाडी मात्र त्या बिंदूपाशी अडचणीत येते. एका क्षणापूर्वी स्टिअरिंग सरळ होते आणि पुढच्या क्षणी ते पूर्ण वळलेले हवे. असे कोणालाच जमत नाही. मग चालक वळण लवकर तरी घ्यायला लागतो किंवा उशिरा तरी, आणि गाडी आपली लेन सोडते. म्हणून मधला, म्हणजे संक्रमण वक्र असा घ्यायचा, की त्याची वक्रता शून्यापासून सुरू होऊन चाललेल्या अंतराच्या प्रमाणात वाढत जाईल. गाडीचा वेग स्थिर ठेवून स्टिअरिंग संथपणे, एकाच गतीने वळवत गेल्यास चाके जमिनीवर जो माग काढतात तो जवळपास हाच वक्र असतो. त्याचे नाव क्लोथॉइड.

आकडे घालून पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगासाठी सपाट प्रदेशातल्या वळणाची किमान त्रिज्या भारतीय मानकांच्या सूत्रानुसार साधारण ३६० मीटर येते आणि तिला जोडणारा संक्रमण वक्र सुमारे १२० मीटरचा. या वेगाने तेवढे अंतर कापायला चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत प्रवाशाला बाजूला ढकलणारे त्वरण शून्यावरून सेकंदाला सेकंदाला दोन मीटरांच्या थोडे वर जाते. संथ चढते, म्हणून मांडीवरचा डबा कलंडत नाही. भूमितीच्या बाजूने पाहिले, तर वक्रावरून १२० मीटर चालून गेलेला माणूस मूळ सरळ रेषेवर ११९.६७ मीटर पुढे आणि ६.६५ मीटर बाजूला पोचलेला असतो. हा वक्र बसायला जागा हवी म्हणून मूळ वर्तुळ १.६७ मीटर आत सरकवावे लागते. याला इंजिनिअर 'शिफ्ट' म्हणतात. पडद्यावर ही सरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण शेतात तेवढ्यात बांधाकडेची विहीर जाते किंवा राहते.

या वक्राचा इतिहास मोटारींपेक्षा दोन शतकांनी जुना आहे आणि हा वक्र तीनदा शोधला गेला. बाझेलचा याकोब बर्नुली १६९४ च्या सुमारास लवचीक पट्ट्यांचा अभ्यास करत होता. टोकाला वजन टांगले की जी पट्टी सरळ होते, ती आधी कोणत्या आकारात वाकलेली असावी, हा त्याचा प्रश्न. गणिती ऑयलरने १७४४ मध्ये तो प्रश्न नीट मांडला. हा वक्र आत आत गुंडाळत शेवटी नेमक्या कोणत्या बिंदूला पोचतो, याचे उत्तर त्याला १७८१ मध्ये मिळाले. १८१८ च्या आसपास फ्रान्समध्ये फ्रेनेल प्रकाशाचे विवर्तन सोडवत असताना त्याला या वक्राचे बिंदू देणारी संकलने पुन्हा भेटली. बर्नुलीची पट्टी आणि फ्रेनेलचा प्रकाश यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटण्याचे कारणही नव्हते. तिसऱ्यांदा हा वक्र आला तो अमेरिकेत, १८९० च्या सुमारास. इलिनॉय विद्यापीठाच्या आर्थर टॅल्बट यांना रेल्वेगाडी वळणावर शिरताना बसणारा हिसका घालवायचा होता. गणिताच्या वाटेने न जाता ते रुळांच्या वाटेने निघाले आणि त्याच ठिकाणी पोचले.

अडचण एकच होती. फ्रेनेलच्या संकलनांना साधे बंदिस्त सूत्र नाही. पदांमागून पदे बेरजेला घेत उत्तराच्या जवळ जावे लागते. संगणक नसताना प्रत्येक वळणासाठी हे करणे म्हणजे शिक्षाच. म्हणून काहींनी सोपा पर्याय निवडला. भारतीय रेल्वे आजही संक्रमणासाठी घनपरवलय वापरते. ते क्लोथॉइडच्या पहिल्या पदाएवढे आहे आणि मोठ्या त्रिज्यांच्या रुळांना पुरेसे जवळ जाते. रस्त्यांसाठी क्लोथॉइडची खरी बाजू घेतली जर्मनांनी. तिथल्या महामार्गांचे अगदी सुरुवातीचे टप्पे रेल्वेच्या सवयीने लांबच लांब सरळ आखले होते. १९३० च्या दशकातच त्यावर टीका सुरू झाली आणि रस्ता भूप्रदेशाच्या अंगाने वळत न्यावा हा विचार पुढे आला. कॅस्पर, शुर्बा आणि लोरेन्झ या तिघांचे क्लोथॉइडने रस्ता कसा आखावा यावरचे पुस्तक १९५४ चे. आखणी करणाऱ्यांच्या हाती तयार कोष्टके आली आणि क्लोथॉइड हा सरळ रेषा व वर्तुळ यांच्या बरोबरीचा घटक ठरला. माझ्या मते रस्त्याच्या आखणीतला हा सर्वांत मोठा पालट आहे, संगणकापेक्षाही मोठा. संगणकाने पुढे याच कल्पनेला वेग दिला.

भारतातल्या रस्त्यांना शिस्त लावणारी मानके ठरवणारी संस्था उभी राहिली तीही १९३० च्या दशकातच, आणि त्यामागे एक मराठी नाव आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्तेविकासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. जयकर समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. या संस्थेची पुस्तिका उघडल्याशिवाय आज देशातली एकही मध्यरेषा आखली जात नाही. इंजिनिअर तिला 'आयआरसी' म्हणतात आणि वाद झाला की तिचाच क्रमांक एकमेकांच्या अंगावर टाकतात.

या मानकांत एक खास भारतीय तडजोड आहे. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलतात, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. किती उचलायची हे पदार्थविज्ञानाने पूर्ण वेग धरून काढले, तर वेगाच्या वर्गाला १२७ आणि त्रिज्येच्या गुणाकाराने भागावे लागते. आपल्या सूत्रात १२७ च्या जागी २२५ आहे. कारण आपल्या रस्त्यावर ताशी शंभरने जाणारी मोटार आणि उसाने लादलेला ट्रॅक्टर एकाच वळणावर भेटतात. मोटारीच्या सोयीने कड उचलली तर ट्रॅक्टरची ट्रॉली आतल्या बाजूला कलंडायची. म्हणून संकल्पित वेगाच्या तीन चतुर्थांश वेग धरून उतार काढतात, तोही मैदानी प्रदेशात सात टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, आणि उरलेला भार टायर व रस्ता यांच्या घर्षणावर सोपवतात. सात मीटर रुंद रस्त्यावर सात टक्के म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४९ सेंटिमीटर उंच. हे फिरवणे बहुधा मध्यरेषेभोवती होते : एक कड वर, दुसरी तेवढीच खाली, मधली रेषा जागच्या जागी.

आता संगणकाकडे येऊ. रस्त्यांचे सॉफ्टवेअर म्हटले की १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलेले ऑटोकॅड आठवते, पण ते मुळात चित्र काढण्याचे साधन होते. रस्त्याचे गणित संगणकावर त्याच्या पुष्कळ आधी पोचले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत चार्ल्स मिलर आणि लाफ्लाम यांनी १९५८ मध्ये जमिनीचे 'अंकीय प्रतिरूप' ही कल्पना मांडली, ती महामार्गाची जागा निवडण्यासाठीच. डोंगर-दऱ्या समोच्च रेषांनी कागदावर दाखवण्याऐवजी बिंदूंचे आकडे म्हणून संगणकात साठवायच्या आणि पाच-दहा संभाव्य मध्यरेषांची माती यंत्राकडून मोजून घ्यायची. आज उपग्रह, पूर, मोबाइल टॉवर अशा कशाकशासाठी वापरली जाणारी ही कल्पना रस्त्याच्या पोटातून आली, हे फार थोड्यांना माहीत असते. मिलर यांनीच 'कोगो' ही निर्देशांक भूमितीची आज्ञावली घडवली. त्या काळी पडदा नव्हता. कार्डांवर आज्ञा द्यायच्या आणि कागदावर आकडे छापून यायचे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या काउंटी कौन्सिलांच्या पुढाकाराने 'मॉस' तयार झाले. त्यात रस्ता म्हणजे अवकाशात ताणलेल्या दोऱ्यांचा जुडगा : एक दोरी मध्यरेषेची, एक डांबराच्या कडेची, एक गटाराच्या तळाची. त्याच घराण्यातले 'एमएक्स रोड' भारतीय सल्लागारांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आले आहे. २००० नंतरच्या दशकात ऑटोकॅडवर बेतलेले 'सिव्हिल थ्रीडी' आले आणि आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला रस्त्याची पहिली रेषा बहुधा त्यातच भेटते.

काम जमिनीपासून सुरू होते. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र), ड्रोन किंवा लेझरने मोजलेले हजारो, कधी लाखो बिंदू आत घेतले, की सॉफ्टवेअर त्यांना त्रिकोणांनी जोडते. कोणते तीन बिंदू जोडायचे याचा नियम रशियन गणिती बोरिस देलोने यांच्या १९३४ च्या निबंधातला : त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या पोटात चौथा बिंदू येता कामा नये. यामुळे लांबट, सुईसारखे त्रिकोण शक्य तितके टळतात. पण नियमाला नाला कळत नाही. नाल्याच्या एका काठावरचा बिंदू तो बिनदिक्कत समोरच्या काठाला जोडतो आणि नाला बुजवून टाकतो. म्हणून काठाकाठाने, तळातून, बांधावरून 'ब्रेकलाइन' घालाव्या लागतात, म्हणजे त्रिकोणांनी ओलांडू नयेत अशा रेषा. त्या घातल्या नाहीत तर पुढची सगळी गणिते बिनचूक आणि उत्तर चूक.

मग मध्यरेषा. आखणी करणारा आधी फक्त सरळ रेषा टाकतो, एकमेकींना छेदणाऱ्या. जिथे त्या छेदतात तो 'आयपी'. त्या छेदबिंदूंवर गाडी कधीच जाणार नसते, तरी सगळी वळणे त्यांच्यावरच टांगलेली असतात. प्रत्येक आयपीवर त्रिज्या आणि संक्रमणाची लांबी दिली की क्लोथॉइड, वर्तुळ, क्लोथॉइड असा संच आपोआप बसतो. प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याशी नाते असते : काही तुकडे स्वतःच्या जागी पक्के, काही एका शेजाऱ्याला स्पर्शून, काही दोन्हींच्या मध्ये अडकलेले. त्यामुळे एक आयपी माउसने धरून ओढला की शेजारची वळणे स्वतःला पुन्हा सोडवतात आणि पुढचे सगळे चेनेज बदलतात. मानकांची फाइल जोडलेली असली आणि त्रिज्या कमी पडली, तर त्या वळणावर पिवळा उद्गारचिन्हाचा त्रिकोण उमटतो. एका जागी दोन तास घालवूनही त्रिकोण जात नसेल, तर बहुधा दोष त्या वळणात नसतो, दोन वळणे अलीकडे असतो. हे कळायला मात्र सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही, अनुभव लागतो.

ही झाली वरून दिसणारी रेषा. बाजूने पाहिल्यावर तीच रेषा चढते आणि उतरते, आणि तिथले वक्र परवलयाचे असतात. चढाच्या माथ्यावरचा वक्र कशावर ठरतो, तर दृष्टीवर. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटरवर, समोर रस्त्यात पडलेला दगड १५ सेंटिमीटर उंच. तो दगड दिसून गाडी थांबेपर्यंत जेवढे अंतर जाते, ताशी शंभरला १८० मीटर, तेवढ्यावरून तो दिसलाच पाहिजे. तीन टक्के चढ आणि पुढे तीन टक्के उतार असा माथा असेल तर हे साधायला सुमारे ४४२ मीटर लांबीचा वक्र लागतो. रस्ता माथ्यावर एवढा लांब का रेंगाळतो, याचे उत्तर त्या दगडात आहे. आडवी आणि उभी वळणे एकमेकांशी जुळलीही पाहिजेत. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असून भलत्या ठिकाणी एकत्र आली, तर समोरचा रस्ता तुटून पुढे दुसऱ्याच जागी उगवल्यासारखा दिसतो. हा दोष कागदावर कळणे फार कठीण होते. आता पडद्यावर त्या रेषेवरून गाडी चालवून पाहता येते, आणि माझ्या लेखी सॉफ्टवेअरची ही सर्वांत प्रामाणिक सेवा आहे.

दोन्ही रेषा ठरल्या की काटछेदाचा साचा त्यांच्यावरून चालवायचा : लेन, बाजूपट्टी, गटार, भरावाचा उतार. सोऱ्यातून चकली पडावी तसा त्या साच्यातून रस्ता मध्यरेषेवर पडत जातो. सॉफ्टवेअरमध्ये याला 'कॉरिडॉर' म्हणतात. तो जमिनीच्या त्रिकोणांना जिथे भिडतो तिथे भराव संपतो किंवा खोदाई सुरू होते. ठरावीक अंतरावरच्या छेदांचे क्षेत्रफळ काढून मातीचे घनमीटर मिळतात. कुठली माती कुठे न्यायची याचा आलेख मिळतो. वाहतुकीचे अंतर, म्हणजे कंत्राटदाराच्या भाषेत 'लीड', हाच मातीकामाच्या पैशाचा जीव. पूर्वी हे काम म्हणजे तक्ते भरत बसलेल्या माणसांचे कित्येक आठवडे. आता रेषा हलली की आकडे मागोमाग हलतात. यात एक धोका दडलेला आहे : पर्याय तपासणे स्वस्त झाले तशी पहिलाच पर्याय थोडा थोडा ढकलत 'सुधारण्याची'ही सवय लागली. डोंगराच्या दुसऱ्या बाजूने जाऊन पाहावे, हे पडदा सुचवत नाही.

शिवाय रेषा जमिनीवर उतरते ती कोणाच्या तरी शेतात. रस्त्याची रुंदी ठरलेली असताना मध्यरेषा एक किलोमीटरभर एक मीटर सरकली, तर एका बाजूचे सुमारे दहा गुंठे सुटतात आणि दुसऱ्या बाजूचे तेवढेच सापडतात. गावाचे जुने नकाशे साखळीने मोजलेले. आपला गुंठाच मुळी ३३ फूट बाजूचा चौरस. त्या नकाशांवर उपग्रहाने मोजलेली रेषा टाकली की बांध आणि नकाशा यांत फरक निघतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्याखाली प्रसिद्ध होणाऱ्या गट नंबरांच्या यादीचे मूळ याच रेषेत असते. म्हणून अधिसूचना निघाल्यावर मध्यरेषा हलवणे तांत्रिकदृष्ट्या एका मिनिटाचे काम असले तरी कोणी माउसला सहज हात लावत नाही.

पृथ्वी गोल असल्याची आठवणही इथे होते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा, सपाटीवर ताशी १५० किलोमीटरसाठी संकल्पिलेला. वेग शंभराचा दीडशे झाला की निव्वळ वर्गाच्या नियमाने त्रिज्या सव्वादोन पट लागते, आणि त्या वेगाला घर्षणावर कमी विसंबायचे असल्याने त्याहूनही जास्त. पण गंमत आकड्यांच्या चौकटीत आहे. नकाशांसाठी जगभर वापरली जाणारी यूटीएम पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्रेचाळिसाव्या पट्ट्यात, नागपूर चव्वेचाळिसाव्यात. सीमा आहे ७८ पूर्व रेखांश, आणि तो वर्धा व अमरावती यांच्या दरम्यान हा महामार्ग ओलांडतो. तिथे पूर्वेकडचे आकडे एकदम उडी मारतात. आणखी एक पेच : वैजापूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान ७५ अंशांच्या मध्यरेखांशावर जमिनीवरचा एक किलोमीटर या नकाशात ४० सेंटिमीटर कमी भरतो, तर पट्ट्याच्या कडेला सुमारे ८० सेंटिमीटर जास्त. पुलाचा काँक्रीटचा गर्डर मात्र कारखान्यात खऱ्या मीटरने ओतलेला असतो. म्हणून अशा लांब कामांत नकाशावरचे अंतर आणि जमिनीवरचे अंतर यांचा हिशेब आधीच जुळवून ठेवावा लागतो.

शेवटचे काम खुंट्यांचे. पूर्वी थिओडोलाइट लावून, रँकिनच्या पद्धतीने एकेक कोन फिरवत आणि एकेक जीवा मोजत वळण जमिनीवर उतरवायचे. आता टोटल स्टेशनला किंवा उपग्रहाच्या रिसीव्हरला तक्ता दिला की तो सांगतो, अजून इतके सेंटिमीटर डावीकडे. पण मध्यरेषेवरची खुंटी पहिल्याच बुलडोझरखाली जाते, कारण खोदाई नेमकी तिथेच व्हायची असते. म्हणून दोन्ही बाजूंना, कामाच्या हद्दीबाहेर, सिमेंटचे संदर्भ खांब रोवतात आणि थरागणिक त्यांच्यावरून मध्य पुन्हा पुन्हा काढतात. काही मोठ्या कामांवर खुंट्याही कमी झाल्या आहेत : कॉरिडॉरची फाइल थेट ग्रेडरमध्ये जाते आणि उपग्रहाच्या संकेतांवर पाते आपोआप वरखाली होते. अशा साइटवर सर्व्हेअरचे सकाळचे पहिले काम म्हणजे यंत्रात कोणत्या तारखेची फाइल आहे ते तपासणे, कारण तोवर कार्यालयात कोणीतरी एक आयपी ओढलेला असू शकतो.